एक तसंच ठेवा

लीलाबाई सिरसाट एका हिवाळ्यात दीड महिना फक्त डाव्या टाचेला मलम लावत होत्या. मलम त्यांनी स्वतःच केलं होतं, मेण आणि तिळाचं तेल एकत्र तापवून. उजव्या टाचेलाही तेवढ्याच भेगा होत्या, पण तिला काही लावायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. थंडी वाढली तशी उजवी टाच फुटत गेली आणि लीलाबाई थोड्या लंगडायला लागल्या. गल्लीतल्या बायकांनी विचारलं की सांगायच्या, "ते तशीच ठेवाची हाय. नाई त डावी कशानं बरी झाली हे समजन कसं?"

दीड महिना संपला त्या सकाळी त्या आमच्याकडे आल्या. आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. लीलाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या, दोन्ही पाय स्टुलावर ठेवले आणि यांना म्हणाल्या, "भाऊ, हात लावून सांगा, कोनती मऊ हाय."

यांनी पेपर आणखी वर धरला. मी म्हटलं, मी सांगते. लीलाबाई म्हणाल्या की माझा उपयोग नाही, कारण मलम कोणत्या टाचेला लावलं हे मला माहीत आहे, आणि माहीत असलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे झुकतो. भाऊंना काही माहीत नाही म्हणून भाऊच पाहिजेत. भाऊंना खरोखरच काही माहीत नव्हतं. शेजारणीच्या टाचांकडे लक्ष असणाऱ्यांपैकी ते नव्हेत. शेवटी त्यांनी डोळे मिटून एकेका टाचेला एका बोटाने स्पर्श केला, "डावी" म्हणाले आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेले. भाजी आदल्याच दिवशी आणलेली होती. लीलाबाईंनी वहीत नोंद केली आणि त्या संध्याकाळपासून उजव्या टाचेलाही मलम लावायला परवानगी मिळाली.

अकोल्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. लीलाबाई त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, मुली येण्याआधी टेबलांवर सामान मांडणं आणि गेल्यावर आवरणं हे त्यांचं काम. सूक्ष्मदर्शकाला त्यांनी हात लावायचा तो पुसण्यापुरता. आतून काय दिसतं ते पाहायला त्यांना कोणी मनाई केली नव्हती, पण पाहा असंही कोणी म्हटलं नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा त्या एकट्याच सूक्ष्मदर्शकावर वाकून उभ्या होत्या. मला पाहून दचकल्या आणि लगेच फडकं फिरवायला लागल्या. मी विचारलं, काय आहे आत? तर म्हणाल्या, कांद्याची साल आहे, पण कांद्यासारखं काहीच दिसत नाही.

त्या काळात त्यांचं विज्ञानाच्या सरांशी पटत नसे. कारण असं, की मुली लंबकाचा प्रयोग करायच्या म्हणजे लंबक दोनदा हलवायच्या आणि आकडे मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवायच्या. सरांना हे माहीत होतं. उत्तर बरोबर येत असल्यामुळे त्यांची तक्रार नव्हती. तक्रार फक्त लीलाबाईंची होती. एका वर्षी तपासणीला साहेब आले. त्यांनी वह्या चाळल्या आणि मुलींचं कौतुक केलं. दारात उभ्या असलेल्या लीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हे आकडे तीन सालापासून हेच हायेत." सरांनी त्यांना साहेबांसाठी पाणी आणायला पाठवलं. साहेबांचा ग्लास भरलेलाच होता.

नंतर त्या माझ्याशी बोलल्या. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे त्याला प्रयोग काहून म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता. तो तर नाटकाचा प्रयोग झाला. पाठ केलेलं बोलायचं, टाळ्या घ्यायच्या, पडदा पाडायचा. माझा वर्ग प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून होता, त्यामुळे मी शिकवायची तो कर्तरी प्रयोग आणि कर्मणी प्रयोग त्यांना वर्षानुवर्षं ऐकू येत असे. तुमच्या प्रयोगात मुली काय करतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की कर्ता बदलून पाहतात, मग क्रियापद बदलतं की नाही ते बघतात. लीलाबाईंनी विचार केला. "मंग तुमचाच प्रयोग खरा हाय मॅडम," त्या म्हणाल्या. "कायतरी बदलून त पाह्यतेत पोरी."

माझ्या विषयाबद्दल विज्ञानाच्या बाजूने इतकं चांगलं त्यापूर्वी कोणी बोललं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्यांचं माहेर मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातलं. लग्न होऊन अकोल्याला आल्या आणि चौथ्या वर्षी नवरा गेला. मूलबाळ नाही. नवऱ्याविषयी त्या माझ्याजवळ एकदाच बोलल्या, तेही दुसरंच काही सांगताना. मी सर्दीला काढा आणि गोळी दोन्ही घेतलं म्हणून त्या मला रागावत होत्या. एका वेळी एकच घ्यावं असं त्यांचं म्हणणं. मग म्हणाल्या, "माहा मानूस आजारी होता तवा तीन जनांची तीन औषधं एकदम चालू होती. कोनतं चुकलं हे आजवर मले समजलं नाई." आणि पुन्हा सर्दीवर आल्या.

"करून पाह्यलं का?" हा त्यांचा पेटंट प्रश्न. तो त्यांना कुठे मिळाला तेही त्यांनी सांगितलं होतं. विहारात एका रविवारी बोलणारे म्हणाले की मोठ्यांनी सांगितलं म्हणून एखादी गोष्ट मानू नये. लीलाबाईंनी उभं राहून विचारलं, तुम्हीही मोठेच आहात, मग हे तरी काहून मानायचं? ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, मानू नका बाई, करून पाहा. बाकीची मंडळी ते ऐकून घरी गेली. लीलाबाईंनी घरी जाताना एक दोनशे पानी वही विकत घेतली.

नोकरीत असताना त्यांना फारसं काही करता आलं नाही. निवृत्त झाल्या, आमच्या गल्लीत त्यांनी आधीच घेतलेल्या जागेवर दोन खोल्या बांधल्या, आणि मग सुरू झालं.

पहिला प्रयोग मेथीचा. झाडाशी गोड बोललं की झाड जोमाने वाढतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. लीलाबाईंनी तीन कुंड्यांत मोजून सारखी मेथी पेरली. रोज सकाळी एका कुंडीचं कौतुक, दुसरीला शिव्या, आणि तिसरीशी बोलायचंच नाही. कौतुक त्यांना फारसं जमत नसे, ते दोन वाक्यांत आटपायचं. शिव्या मात्र मूर्तिजापूरच्या बाजूच्या होत्या आणि त्यांचा आवाज शाळेच्या मैदानावर तयार झालेला. आमची गल्ली सकाळी फिरायला जाणाऱ्यांची. लाज नाही का, ऊठ, किती दिवस नुसता बसून खाशील, असं रोज सहा वाजता ऐकून समोरच्या घरातला नोकरी शोधणारा मुलगा दुसऱ्या रस्त्याने जायला लागला. एकवीस दिवसांनी तिन्ही कुंड्यांतली मेथी सारखीच निघाली. मी निष्कर्ष विचारला. "मेथीले कायी फरक पडत नाई," त्या म्हणाल्या. "माह्या घशाले पडला."

मग मांजर. मांजर आडवं गेलं की काम होत नाही, हे त्यांना तपासायचं होतं. मांजर आडवं गेलेले दिवस एका पानावर आणि न गेलेले दुसऱ्या पानावर. पण मांजर रोज येईना, म्हणून त्यांनी दाराशी थोडं दूध ठेवायला सुरुवात केली. दुधामुळे मांजर रोज यायला लागलं. मग दिवसातून चार वेळा आडवं जायला लागलं. मग घरातच राहायला लागलं. दुसरं पान कोरंच राहिलं. मांजर आडवं न गेलेला दिवसच उरला नाही, त्यामुळे तुलना कशाशी करणार? प्रयोग फसला असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आणि मांजर ठेवून घेतलं.

आमच्या घरातही त्यांनी एक प्रयोग केला. त्याची आठवण काढलेली यांना आवडत नाही. मी वरणात हिंग घालते. काहून घालता, असं लीलाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, चव येते. करून पाह्यलं का, हे ओघाने आलंच. मी एकाच डाळीचं वरण दोन पातेल्यांत केलं, एकात हिंग घातला, एक तसंच ठेवलं. यांचे डोळे पंचाने बांधले आणि दोन वाट्या पुढे केल्या. हे पानात पडेल ते खाणारे, तक्रार न करणारे गृहस्थ. त्यांनी दोन्ही वाट्या संपवल्या आणि दुसरी जास्त चांगली म्हणाले. दुसरी बिनहिंगाची होती. आणखी तीन वेळा वाट्यांची अदलाबदल करून विचारलं, तीनही वेळा त्यांनी बिनहिंगाचीच निवडली. पंचा सोडल्यावर मी विचारलं की इतक्या वर्षांत हे बोलला का नाहीत. ते म्हणाले, तू कधी विचारलं नाहीस. यावर आमचा संसार दोन दिवस अबोल होता. लीलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या मते प्रयोग उत्तम झाला होता.

त्यांचा स्वभाव लोकांना फटकळ वाटे आणि तो तसा होताही. पण एक गोष्ट मी पाहिली होती. त्यांचं स्वतःचं म्हणणं खोटं ठरलं तरी त्या तेवढ्याच शांत असत. त्यांच्या आईचा एक उपाय होता, माठाखाली ओली वाळू ठेवून वर कडुनिंबाचा पाला टाकायचा, म्हणजे पाणी बर्फासारखं होतं. लीलाबाईंचा त्यावर फार विश्वास. एका उन्हाळ्यात त्यांनी दोन माठ शेजारी ठेवले, दोन्हींखाली वाळू, पाला एकावरच, आणि दुपारी शाळेतून भंगारात काढलेला तापमापक दोन्हीत बुडवला. काहीच फरक निघाला नाही. आठ दिवस रोज मोजलं, तरी नाही. नवव्या दिवशी त्यांनी पाला झाडून टाकला आणि म्हणाल्या, "आई चुकली." मग थोड्या वेळाने म्हणाल्या की आपण चुकलो हे आपणच शोधलेलं बरं, दुसऱ्यानं दाखवलं की राग येतो आणि राग आला की माणूस आकडे बदलतो. आकडे बदलणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं.

गेल्या वर्षी थंडीतच एका सकाळी मी चहाचं भांडं उचलायला गेले आणि ते हातातून पडलं. पुन्हा उचलायला गेले तर बोटांनी ऐकलंच नाही. यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात पाच दिवस काढून मी घरी आले ती बोलत, चालत आणि जेवत, पण उजवा हात नुसता लटकवून. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले आणि वेळ लागेल असं सांगितलं. किती ते सांगितलं नाही.

मग माणसं यायला लागली. तेल्हाऱ्याहून नणंद तेल घेऊन आली, ते कोणाकोणाला लागू पडलं त्यांची नावं घेऊन आली. अमरावतीजवळच्या माझ्या माहेरून भावाने कसली तरी मुळी पाठवली, ती दंडाला बांधायची होती. रिद्धपूरला जाऊन आलेल्या मामेबहिणीने प्रसाद आणला. कबुतराच्या रक्ताने चोळा असं सांगणारेही दोघं निघाले. मी या सगळ्याला हो म्हणत होते. मला तेव्हा कशालाच नाही म्हणायची ताकद नव्हती.

लीलाबाई तिसऱ्या दिवशी आल्या. तेल, मुळी आणि बाकीचं सगळं त्यांनी गोळा करून फळीवर ओळीने लावलं आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. एका वेळी एकच, पहिला नंबर डॉक्टरांच्या व्यायामाचा, बाकीच्यांनी रांगेत थांबावं. प्रसाद मात्र त्यांनी मला खाऊ दिला. तो औषधात धरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता त्या दोन वाट्या, मूठभर तुरीचे दाणे आणि वही घेऊन यायला लागल्या. व्यायाम झाला की उजव्या हाताच्या चिमटीने एकेक दाणा उचलून एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा, पाच मिनिटं. लीलाबाई मनगटावरचं घड्याळ पाहत. वेळ संपली की वाटी उचलून खिडकीशी नेत, माझ्याकडे पाठ करून दाणे मोजत, वहीत लिहीत आणि मला आकडा सांगत. मी मोजायचं नाही अशी ताकीद होती. आपण मोजायला लागलो की हात घाबरतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या दिवशी नऊ. पहिला आठवडा असाच गेला, दहा, अकरा, पुन्हा दहा, बारा. दुसऱ्या आठवड्यात हात अचानक चालायला लागला. सोळा झाले, मग एकोणीस, मग बावीस. मी यांना सांगितलं, नणंदेला फोन करून सांगितलं. रविवारी मी डाव्या हाताने शिरा केला.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी लीलाबाई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "तेरा."

मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेरा म्हणाल्या. आणि मला रडू फुटलं. दवाखान्यात मी रडले नव्हते, घरी आल्यावर नाही, वेणी घालायला यांची मदत घ्यावी लागली तेव्हाही नाही. त्या दिवशी मात्र थांबताच येईना. लीलाबाई वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"काहून रडून राहिल्या मॅडम?"

मी मागे मागेच चालले आहे, असं काहीतरी मी म्हटलं. तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या आणि आता नाव लिहिता येणार नाही, असंही म्हटलं. लीलाबाईंनी वाटीत पाहिलं, घड्याळात पाहिलं. "आज दाने लहान होते," त्या म्हणाल्या. त्यांना ओळखते तेव्हापासून इतकं अर्थहीन वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. चहा ठेवला होता, तो न घेताच त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी आकडा आला तेवीस. त्यानंतर मात्र तो कधी घसरला नाही. कधी एकाने, कधी दोनाने, पण वाढतच गेला. महिन्याभरात मी ब्लाउजचं बटण लावायला लागले. उन्हाळा लागेपर्यंत पेन धरून वाकडंतिकडं नाव लिहिलं. फळीवरचं तेल आणि मुळी आपापल्या चिठ्ठ्यांसकट तिथेच राहिली. त्यांचा नंबर आला नाही.

त्याच सुमारास लीलाबाई चार दिवसांसाठी मूर्तिजापूरला भावाकडे गेल्या. पुतणीच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं. किल्ली माझ्याकडे दिली, मांजराचं दूध आणि कुंड्यांचं पाणी माझ्याकडे. कोणत्या कुंडीला किती पाणी ते वहीत लिहिलंय, वही टेबलावर आहे, असं सांगून गेल्या.

टेबलावर वह्यांचा ढीग होता. सगळ्यांना खाकी कव्हर, शाळेतल्यासारखं. कुंड्यांची वही शोधताना मधली एक हाती आली. वर लिहिलं होतं, मॅडमचा उजवा हात. मी ती बाजूला ठेवायला हवी होती. पण जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या उघडत आलेलं माणूस मी. उघडली.

आत सगळं प्रयोगवहीच्या रीतीने मांडलेलं होतं. उद्देश : आकडा वाढवून सांगितल्यास हात जास्त चालतो का ते पाहणे. साहित्य : तुरीचे दाणे, दोन वाट्या, घड्याळ, मॅडम. कृती : एक आठवडा खरा आकडा सांगणे. एक आठवडा वाढवून सांगणे. पुन्हा खरा, पुन्हा वाढवून. बाकी काही बदलू नये.

खाली दोन रकाने होते. एकावर खरा, दुसऱ्यावर सांगितलेला. पहिल्या आठवड्यात दोन्ही रकाने सारखे. दुसऱ्या आठवड्यात खरा बारा, सांगितलेला सोळा. खरा तेरा, सांगितलेला बावीस. मी कधीही बावीस दाणे उचलले नव्हते. नणंदेला फोन केला तो आकडा लीलाबाईंनी तयार केलेला होता. मला राग आला, आणि साहित्याच्या यादीत घड्याळानंतर आपलं नाव पाहून तो वाढला.

मग तिसऱ्या आठवड्यातला सोमवार आला. खरा तेरा, सांगितलेला तेरा. त्याच्यापुढे, रकान्याबाहेर, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं : प्रयोग बंद. सुमन रडली.

तीस वर्षं एका शाळेत आणि नंतर शेजारी राहून लीलाबाईंनी मला मॅडम सोडून दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. माझं नाव त्यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यापुढच्या पानांवर नुसते दोन रकाने होते. खरा तेरा, सांगितलेला तेवीस. खरा चौदा, सांगितलेला पंचवीस. असं दिवसामागून दिवस, थेट परवापर्यंत. सांगितलेला सगळीकडे दहा-अकराने पुढे. शेवटचं पान त्यांनी अनुमान म्हणून आखून ठेवलं होतं. ते कोरं होतं.

मी कुंड्यांना अंदाजाने पाणी घातलं आणि घरी आले. यांना काही सांगितलं नाही.

लीलाबाई परतल्या त्या संध्याकाळी मी किल्ली द्यायला गेले. त्या ओट्यावर बसून मांजराच्या अंगावरून हात फिरवत होत्या. मी शेजारी बसले आणि वही वाचल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. खोटं का सांगितलं, असं मी विचारेन असं त्यांना वाटलं असावं, पण त्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

"प्रयोग वाया गेला मॅडम. खऱ्याचा आठवडा पुन्हा घ्याले पाह्यजे होता. मले घेता आला नाई."

मी विचारलं, मग माझा हात कशाने सुधारला? वाढवलेल्या आकड्याने, व्यायामाने, की आपोआप? त्या म्हणाल्या की ते आता कोणालाच सांगता यायचं नाही. म्हणून तर अनुमानाचं पान कोरं आहे.

त्यांनी मांजराला ओट्यावरून खाली सोडलं. मग म्हणाल्या, "तुमच्यासारखी दुसरी एखादी असती त तिले खरं सांगतलं असतं. तिले तसंच ठेवलं असतं. पन तुमी एकच हा. दुसरी सुमन मी कोठून आनू?"

मी किल्ली ओट्यावर ठेवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या आल्या. मी त्यांना आजपासून खरा आकडा सांगा म्हटलं, आणि माझ्यासमोर मोजा. त्यांनी खिडकीशी न जाता तिथेच वाटी ओतली आणि बोटाने एकेक दाणा बाजूला सारत मोजलं. छत्तीस झाले. मागच्या आठवड्यात मला शेचाळीस सांगितलेले होते. त्यांनी हळूच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बरं म्हटलं. त्यांनी लिहिलं, एकाच रकान्यात.

पाच मिनिटं दाणे उचलले की माझी बोटं आत वळून तशीच आखडून बसतात, अजूनही. ती आपोआप उघडत नाहीत. एरवी मी डाव्या हाताने ती सोडवायची. त्या दिवशी लीलाबाईंनी वही मिटली, खुर्ची जवळ ओढली आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट त्या उघडत गेल्या. एक उघडलं की दुसरं मिटत होतं, ते पुन्हा उघडायच्या. यांनी आणून ठेवलेला चहा निवला. किती वेळ लागला ते त्यांनी पाहिलं नाही. घड्याळ त्यांनी आधीच काढून बाजूला ठेवलं होतं.